विश्लेषण : घरच्या सागरी टाकीत मँडरिन मासा उपाशी का मरतो? सोलापूरसारख्या शहरात त्याला जगवायचे कसे?

निळ्या-केशरी नक्षीचा मँडरिन मासा सागरी मत्स्यालयाची हौस असलेल्यांना पाहताक्षणी भुरळ घालतो. मात्र पाणी स्वच्छ, तापमान योग्य आणि रोगाचे एकही लक्षण नसताना हा मासा अनेकदा काही आठवड्यांत खंगून मरतो. कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे भूक. बाजारात मिळणारे दाणेदार खाद्य तो अन्न म्हणून ओळखतच नाही. समुद्रापासून दूर, उन्हाळ्यात चाळीस अंशांपुढे तापणाऱ्या आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात हा मासा ठेवायचा, तर आधी त्याच्या अन्नाची शेती करावी लागते. ती कशी करायची, त्यात अडचणी कोणत्या आणि हा मासा कोणी घेऊच नये, याचा आढावा.

मँडरिन मासा नेमका कोणता?

याचे शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ अल्बर्ट हेरे यांनी १९२७ मध्ये फिलिपिन्समधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. जपानच्या दक्षिणेकडील रिउक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, पलाऊ ते ऑस्ट्रेलियापर्यंत, म्हणजे पश्चिम प्रशांत महासागरात तो आढळतो. लांबी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. चिनी राजदरबारातील मँडरिन अधिकाऱ्यांच्या रंगीत झग्यांवरून त्याला हे नाव पडले. चीनमध्ये खाण्यासाठी वाढवला जाणारा गोड्या पाण्यातील 'मँडरिन फिश' वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. याच कुळातील ठिपक्यांचा मँडरिन (सिंकिरोपस पिक्चुरेटस) हाही मत्स्यालयांच्या बाजारात येतो. त्याच्या खाण्याच्या सवयी जवळपास सारख्याच आहेत.

या माशाचा निळा रंग शास्त्रज्ञांसाठीही कुतूहलाचा विषय आहे. बहुतेक प्राण्यांमधील निळाई ही प्रकाशाच्या परावर्तनाची किमया असते, मोरपिसाचेही तसेच. मँडरिनच्या त्वचेत मात्र खरोखरीचे निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. कणा असलेल्या प्राण्यांत हे अत्यंत दुर्मीळ आहे. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्याऐवजी जाड, उग्र वासाचा चिकट थर असतो. या थरामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत आणि पांढऱ्या ठिपक्यांसारखे त्वचारोगही त्याला तुलनेने कमी होतात. त्यामुळेच मँडरिन दगावला की रोगाआधी त्याच्या पोटाकडे पाहावे लागते.

समुद्रात तो काय खातो?

मँडरिन प्रवाळ खडकांच्या आडोशाला, तुटक्या प्रवाळांच्या ढिगात राहतो. पोहण्यापेक्षा तो पोटाखालच्या रुंद परांवर टेकत, उड्या मारल्यासारखा सरकतो. दर थोड्या अंतरावर थांबून खडकाचा एखादा सेंटिमीटर निरखतो, तोंड पुढे काढून चटकन काहीतरी टिपतो आणि पुढे जातो. हा क्रम दिवसभर चालू असतो.

जंगली मँडरिनच्या आहाराचा अभ्यास हाँगकाँग विद्यापीठातील इव्हॉन सॅडोव्ही आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. खडकावर राहणारे बारीक कोपेपॉड, त्यांच्यासारखेच इतर कवचधारी जीव, बारीक सागरी कृमी, सूक्ष्म गोगलगायी आणि माशांची अंडी असा हा आहार आहे. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, त्याचे अन्न जिवंत, हलणारे आणि अतिशय बारीक असते. दुसरी, ते पाण्यात तरंगत नसून खडकाला चिकटून असते. वरून टाकलेला दाणा त्याच्या लेखी अन्न नसतो, तो नुसता पडणारा कचरा असतो.

ज्यांच्यावर तो जगतो ते कोपेपॉड काय असतात?

कोपेपॉड हे कोळंबी-खेकड्यांचे दूरचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे नातलग. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'वल्ह्यासारखे पाय असलेला' असा होतो. रात्री अंधारात टॉर्च लावून टाकीच्या काचेजवळून पाहिले, तर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात, ते बहुधा हेच.

महाराष्ट्राच्या खेड्यांना कोपेपॉडची ओळख फार जुनी आहे, फक्त वेगळ्या नावाने आणि वाईट कारणाने. विहिरी-बारवांच्या पाण्यातून होणारा नारूचा रोग ज्या 'सायक्लॉप्स'मुळे पसरत असे, तो गोड्या पाण्यातील कोपेपॉडच. नारूची अळी त्याच्या पोटात वाढत असे आणि न गाळलेले पाणी प्यायल्याने माणसाच्या शरीरात जात असे. पाणी फडक्याने गाळून प्या, हा प्रचार त्यासाठीच होता. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. समुद्रातील कोपेपॉड मात्र माणसाला निरुपद्रवी असतात. लहान माशांच्या वाढीला लागणारी उपयुक्त मेदाम्ले त्यांच्यात भरपूर असतात. सागरी अन्नसाखळीचा पायाच त्यांच्यावर उभा आहे.

सोलापुरातील हौशी मंडळींनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव किंवा एखाद्या विहिरीतून गाळून आणलेले कोपेपॉड सागरी टाकीत चालत नाहीत. ते खाऱ्या पाण्यात लगेच मरतात आणि सोबत सांडपाण्यातील घटक व परजीवी येतात, ते वेगळेच.

मग घरच्या टाकीत त्याची उपासमार का होते?

कारण पुरवठा आणि खप यांचे गणित जुळत नाही. टाकीतील कोपेपॉडांची संख्या हे मुद्दल धरले, तर त्यांची रोजची नवी पैदास हे व्याज. मासा व्याजावर जगला तर वर्षानुवर्षे जगतो. लहान टाकीत मुद्दलच कमी असते. मासा काही दिवसांत ते खाऊन संपवतो आणि मग पैदास करायला कोणी उरतच नाही. पहिले दोन-तीन आठवडे मासा मजेत टिपताना दिसतो, मालक निर्धास्त होतो आणि महिन्याभरात मासा खंगू लागतो, असे घडते ते यामुळे.

दुसरे कारण स्पर्धा. सिक्स लाइन रास आणि तत्सम चपळ मासे, काही गोबी आणि दुसरा मँडरिन, हे सगळे त्याच अन्नावर डोळा ठेवून असतात. मँडरिन संथ आहे, तो शर्यतीत हरतो.

तिसरे कारण उलटे वाटेल असे आहे. टाकी जितकी कडक स्वच्छ, तितके कोपेपॉड कमी. बारीक कापडी गाळणी त्यांना अडकवते, अतिनील दिवा त्याच्यातून जाणाऱ्यांना मारतो आणि त्यांचे खाद्य असलेले शेवाळ व कण रोज पुसले जातात. प्रवाळांसाठी आरशासारखी चकचकीत ठेवलेली टाकी मँडरिनसाठी रिकामे ताट ठरते.

चौथे कारण माशाच्या प्रवासात आहे. फिलिपिन्स किंवा इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर पकडलेला मासा निर्यातदार, विमान, आयातदार, मोठे दुकान असे टप्पे करत मुंबई-पुण्यात आणि तिथून एखाद्या रात्रीच्या बसने सोलापुरात येतो. वाटेतील मुक्कामी टाक्यांत खडक नसतो, म्हणजे अन्नही नसते. घरी येतो तेव्हाच तो अर्धपोटी असतो.

मासा उपाशी आहे हे ओळखायचे कसे?

मँडरिन सतत टोचताना दिसतो, म्हणून त्याचे पोट भरलेच असेल असे नाही. रिकाम्या खडकावरही तो तितक्याच चिकाटीने शोधत राहतो. म्हणून खाण्याच्या हालचालीपेक्षा शरीराची ठेवण पाहावी. निरोगी मासा वरून पाहिला तर डोक्यामागे भरलेला, गोलसर दिसतो. बाजूने पाहिल्यास पोटाची रेषा सपाट किंवा किंचित फुगीर असते. पोट आत गेलेले, कडेला खळगा पडलेला किंवा पाठीचा कणा उठून दिसणारा मासा दीर्घकाळ उपाशी आहे, असे समजावे. रंग मात्र शेवटपर्यंत झळाळता राहू शकतो, त्यामुळे रंगावर विसंबू नये.

दर आठवड्याला एकाच कोनातून मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवणे हा सोपा उपाय आहे. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा फरक कळत नाही, चार छायाचित्रे शेजारी ठेवली की लगेच कळतो. दुकानातही हाच निकष लावावा. पोट खपाटीला गेलेला मासा दया म्हणून घेऊ नये. तो वाचण्याची शक्यता कमी असते आणि त्याच्या जागी दुकानात दुसरा येतो. विक्रेत्याला मासा खाताना दाखवायला सांगणे, हा ग्राहकाचा हक्कच आहे.

टाकी किती मोठी आणि किती जुनी हवी?

जगभरच्या अनुभवी मत्स्यपालकांत एक ठोकताळा रूढ आहे. केवळ नैसर्गिक कोपेपॉडांवर एक मँडरिन जगवायचा, तर टाकी ७५ गॅलन म्हणजे सुमारे २८५ लिटरची आणि किमान सहा महिने ते वर्षभर सुरू असलेली असावी. हा नियम काटेकोर नाही, पण त्यामागचे कारण पक्के आहे. खडकाच्या भेगांत आणि वाळूत जीवसृष्टी रुजायला वेळ लागतो. नव्या टाकीत पहिलाच मासा म्हणून मँडरिन सोडणे म्हणजे पेरणी न करताच कापणीला जाणे.

टाकीच्या जोडीला 'रेफ्युजियम' असेल तर काम सोपे होते. हा मुख्य टाकीला नळीने जोडलेला वेगळा कप्पा. त्यात मासे नसतात. केटोमॉर्फासारखे दोऱ्यांच्या गुंत्यासारखे शेवाळ आणि खडकाचे तुकडे असतात. तिथे कोपेपॉड निर्धोक वाढतात आणि थोडे थोडे पाण्याबरोबर मुख्य टाकीत येत राहतात. या कप्प्याचा दिवा रात्री लावला, तर मुख्य टाकीचे दिवे बंद असतानाही पाण्याचा सामू फारसा घसरत नाही. मुख्य टाकीतही एका कोपऱ्यात लहान खड्यांचा ढीग रचावा. त्याच्या फटींत मासा शिरू शकत नाही, पण कोपेपॉड राहू शकतात. मुद्दल तिथे सुरक्षित राहते.

एका टाकीत एकच मँडरिन ठेवावा. दोन नर एकमेकांना जगू देत नाहीत. पाठीवरचा पहिला काटा लांब असतो तो नर.

खडक आणि प्रवाळांबाबत कायदा काय सांगतो?

'रीफ टाकी' म्हटले की खडक आणि प्रवाळ आलेच. परंतु रीफ बांधणारी कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सी-फॅन यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. समुद्री घोडे आणि पाइपफिशही त्याच यादीत आले. ही प्रवाळे समुद्रातून काढणे, विकणे वा विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. मृत प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तिथे सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरून खडकाचा तुकडा पिशवीत टाकून आणणे अनेकांना किरकोळ वाटते, पण तो तुकडा प्रवाळाचा असला तर प्रकरण गंभीर होऊ शकते.

मँडरिनच्या दृष्टीने दिलासा असा, की त्याला प्रवाळ लागतच नाही. त्याला सच्छिद्र पृष्ठभाग आणि फटी हव्या असतात. मानवनिर्मित सिरॅमिक किंवा सिमेंटचे सच्छिद्र खडक ते काम करतात. फक्त त्यांच्यावर जीवसृष्टी आपोआप येत नाही. बाहेरून कोपेपॉडांचे 'विरजण' लावून काही महिने थांबावे लागते.

कोपेपॉड घरी कसे वाढवायचे?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातील शिस्त पुरते. १० ते २० लिटरची खाद्यपदार्थांसाठीची स्वच्छ प्लास्टिकची बादली, हवेचा लहान पंप, मुख्य टाकीइतक्याच क्षारतेचे पाणी आणि सुरुवातीचे विरजण, एवढे साहित्य पुरे. साबणाने धुतलेली किंवा पूर्वी फिनेल ठेवलेली बादली वापरू नये.

घरगुती शेतीसाठी टिस्बे हा कोपेपॉड सर्वात सोयीचा. तो तळाशी आणि भिंतींवर राहतो, म्हणजे मँडरिनला हवा तिथेच. अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला साधारण दीड ते दोन आठवडे लागतात. टिग्रिओपस आकाराने मोठा आणि लालसर असतो. मासा तो आवडीने टिपतो, पण तो उघड्यावर पोहत असल्याने इतर मासेच आधी फस्त करतात. टाकीत त्याची वसाहत सहसा टिकत नाही. टिस्बे मुद्दल म्हणून आणि टिग्रिओपस खाऊ म्हणून, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

कोपेपॉडांचे खाद्य म्हणजे सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरॉप्सिस, टेट्रासेल्मिस, आयसोक्रायसिस ही त्यांतील नेहमीची नावे. पारदर्शक बाटलीत खारे पाणी, शैवालाचे विरजण, थोडे ठरावीक खत, दिवा आणि हवेचा बुडबुडा दिला की आठवडाभरात पाणी गडद हिरवे होते. त्यातील निम्मे वापरायचे, निम्म्यात नवे पाणी घालायचे. कोपेपॉडच्या बादलीत हे हिरवे पाणी इतकेच घालावे, की बादलीला फिका हिरवा रंग येईल. तो उतरला की पुन्हा घालावे. पाणी दुधाळ झाले किंवा त्याला वास आला, तर खाद्य जास्त झाले. नवख्यांची वसाहत कोसळते ती बहुधा उपासाने नव्हे, तर अशा अतिखाद्याने.

दोन-तीन आठवड्यांनी काढणी सुरू करता येते. दर आठवड्याला बादलीतील पाव भाग पाणी अतिबारीक, सुमारे ५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळावे. चाळणीवर राहिलेले कोपेपॉड रात्री दिवे आणि पंप बंद केल्यावर खडकांजवळ सोडावेत. दिवसा सोडले, तर इतर मासे मेजवानी उडवतात. एकाच बादलीवर विसंबू नये. निदान दोन बादल्या वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या चाळण्या, नळ्याही वेगळ्या असाव्यात. एक कोसळली तर दुसरीतून पुन्हा सुरुवात करता येते.

विरजण आणायचे कुठून? कोचीस्थित केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम आणि केरळमधील विळिंजम येथील केंद्रांत शोभिवंत माशांची पैदास व त्यासाठीचे जिवंत खाद्य यांवर बराच काळ काम केले आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. शैवाल व जिवंत खाद्याविषयी खात्रीशीर माहिती अशा संस्थांकडून मिळू शकते. याखेरीज हौशी मत्स्यपालक आपसांत विरजणाची देवाणघेवाण करतात.

गोठवलेले खाद्य खायला त्याला शिकवता येते का?

येते, पण सगळेच मासे शिकत नाहीत. म्हणून हा पूरक मार्ग समजावा, मुख्य आधार समजू नये.

प्रशिक्षणाची सुरुवात आर्टेमियाच्या ताज्या पिल्लांपासून होते. हा मिठागरांतील अतिखाऱ्या पाण्यात राहणारा बारीक जीव. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतून त्याची नोंद १९५३ मध्ये झाली होती. त्याची कोरडी अंडी डब्यात मिळतात. एका लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, जोरदार हवा, उजेड आणि २६ ते २८ अंश तापमान दिले, की साधारण २४ तासांत पिल्ले बाहेर येतात. त्यांच्या अंगातला पिवळा बलक संपण्याआधी, म्हणजे काही तासांतच ती खाऊ घालावीत. नंतर त्यांचे पोषणमूल्य घसरते. मोठ्या झालेल्या आर्टेमियाला सूक्ष्म शैवाल खाऊ घालूनच माशाला द्यावे, नाहीतर मासा पोटभर खाऊनही खंगतो.

मँडरिनला सुरुवातीला टाकीतच जाळीच्या छोट्या कप्प्यात ठेवले, तर त्याला स्पर्धा राहत नाही. रोज तीन-चार वेळा थोडी थोडी जिवंत पिल्ले द्यावीत. तो नियमित टिपू लागला, की त्यात गोठवलेले आर्टेमिया आणि माशांची अगदी बारीक दाण्याची अंडी, म्हणजे आपल्याकडच्या गाभोळीसारखा पण खसखशीएवढा प्रकार, मिसळत जावे. जिवंत आणि गोठवलेले यांचे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू बदलावे. ड्रॉपरने खाद्याला हलकासा धक्का दिला, तर ते जिवंत असल्यासारखे हलते आणि मासा आकर्षित होतो.

मुख्य टाकीत सोडल्यावर 'खाणावळ' ही युक्ती उपयोगी पडते. अरुंद तोंडाची काचेची लहान बरणी आडवी ठेवायची आणि नळीने खाद्य तिच्या आत सोडायचे. मँडरिन सरपटत आत शिरतो, मोठ्या माशांना ते जमत नाही. काही दिवसांत तो ठरलेल्या वेळी बरणीपाशी येऊन थांबू लागतो.

नवा मासा महिनाभर रिकाम्या टाकीत वेगळा ठेवण्याचा नियम मँडरिनच्या बाबतीत घातक ठरू शकतो. त्याच्या विलगीकरणाच्या टाकीतही खडक आणि कोपेपॉड हवेत. तांब्याची औषधे या खवलेविरहित माशाला त्रासदायक ठरतात, ती टाळावीत.

सोलापूरच्या हवा-पाण्यात वेगळ्या अडचणी कोणत्या?

पहिली अडचण उष्णतेची. मँडरिनला २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत टाकीचे पाणी सहज ३२-३३ अंशांवर पोहोचते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशाची चयापचयाची गती वाढते, म्हणजे भूकही वाढते. नेमक्या याच काळात शैवालाच्या बाटल्या आणि कोपेपॉडच्या बादल्या कोसळतात. मागणी वाढते आणि पुरवठा तुटतो.

मात्र सोलापूरची हवा कोरडी आहे, हा मुंबईपेक्षा मोठा फायदा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला, तर पाणी काही अंशांनी उतरते. दमट मुंबईत हा उपाय तेवढा चालत नाही. मोठ्या टाकीला चिलर घेणे उत्तम, पण त्याची गरम हवा खोलीबाहेर जाईल अशी सोय हवी. उन्हाळ्यापुरते टाकीचे दिवे दुपारऐवजी संध्याकाळी ते रात्री लावावेत, मात्र हा बदल रोज अर्धा-अर्धा तास सरकवत करावा. बादल्या घरातील सर्वात थंड, फरशीवरच्या कोपऱ्यात ठेवाव्यात.

दुसरी अडचण पाण्याची. पंख्याने बाष्पीभवन वाढते. पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते आणि क्षारता चढत जाते. त्यामुळे भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याचीच. उजनीचे किंवा बोअरचे पाणी थेट घालता येत नाही. त्यातील क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि जड क्षार टाकीत साठत जातात. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी लावलेले पाणी लागते. ही यंत्रणा शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात ही गोष्ट खटकणारच. ते पाणी फरशी पुसायला, स्वच्छतागृहाला वापरण्याची व्यवस्था आधी करावी. ३०० लिटरची टाकी पहिल्यांदा भरायला सुमारे साडेदहा ते अकरा किलो सागरी मीठ लागते. खाण्याचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी घटक त्यात त्या प्रमाणात नसतात. शुद्ध पाण्याचा निदान आठवडाभराचा साठा झाकणबंद पिंपात असावा.

तिसरी अडचण विजेची. वळवाच्या पावसात वादळी वाऱ्याने वीज गेली, की आधी धोका प्राणवायूचा असतो. इन्व्हर्टरवर सगळी टाकी चालवणे खर्चिक आहे. निदान एक पाण्याचा पंप आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप यांची सोय हवी. बादल्यांसाठीही तसाच एक वेगळा पंप ठेवावा.

चौथी अडचण गावाला जाण्याची. दिवाळी, लग्नसराई किंवा आषाढीला घर आठ-दहा दिवस बंद राहते. बाकीच्या माशांना स्वयंचलित यंत्र दाणे टाकते, मँडरिनला ते निरुपयोगी. निघण्याआधी दोन्ही बादल्यांची काढणी करून टाकीत भरपूर कोपेपॉड सोडणे आणि शेजारच्या कोणालातरी पाण्याची पातळी दाखवून ठेवणे, एवढेच करता येते. ज्या टाकीत रेफ्युजियम नीट रुजले आहे, तिथे ही चिंता कमी असते.

समुद्रातून पकडलेला मासा घ्यावा की पैदास केलेला?

पर्याय असेल तर पैदास केलेलाच. फिलिपिन्समध्ये मँडरिन पकडण्यासाठी बारीक सुईसारख्या भाल्याचा वापर होत असल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या, लांब काट्याच्या नरांना अधिक मागणी असल्याने वसाहतीतून तेच आधी उचलले जातात. सूर्यास्ताला नर-मादीची जोडी खडकावरून एकत्र वर चढून अंडी सोडते आणि माद्या सहसा मोठ्या नरांना पसंती देतात. मोठे नर गेले, की याचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो.

अमेरिकेत फ्लोरिडातील 'ओशन्स, रीफ्स अँड ॲक्वेरियम्स' या केंद्राने २०१० च्या सुमारास पैदास केलेले मँडरिन बाजारात आणले. अशा माशांना लहानपणापासून तयार खाद्याची ओळख झालेली असते, त्यामुळे उपासमारीचा धोका बराच कमी होतो. भारतात क्लाउन माशांच्या पैदाशीत चांगली प्रगती झाली आहे. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननेही राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साह्याने ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांचे उबवणी केंद्र उभारले. मात्र बाजारात मँडरिन दिसला, तर तो समुद्रातून पकडलेला असण्याची शक्यता धरूनच विक्रेत्याला त्याचा उगम आणि आयातीची कागदपत्रे विचारावीत. परदेशी जिवंत माशांच्या आयातीला परवाना आणि विलगीकरण आवश्यक असते.

मग हा मासा कोणी घेऊ नये?

ज्यांची टाकी सहा महिन्यांपेक्षा नवी आहे, ज्यांच्याकडे शंभर-दीडशे लिटरचीच टाकी आहे आणि कोपेपॉडची बादली नाही, ज्यांच्या टाकीत आधीपासून चपळ रास मासे आहेत, किंवा ज्यांना रोज अर्धा तास देणे शक्य नाही, त्यांनी मँडरिनचा मोह टाळावा. त्यांच्यासाठी उबवणी केंद्रात वाढलेला क्लाउन मासा हा चांगला पर्याय आहे. तो दाणे खातो आणि चुका सहन करतो.

ज्यांना मँडरिनच हवा आहे, त्यांनी क्रम उलटा करावा. आधी शैवालाची बाटली, मग कोपेपॉडची बादली, मग टाकीत त्यांची वस्ती. सोलापूरचा एक उन्हाळा या बादल्या जिवंत ठेवून पाहाव्यात. जूनमध्ये रात्री टॉर्च लावल्यावर काचेवर ठिपके उड्या मारताना दिसले, तर माशाचे ताट वाढून तयार आहे, असे समजावे. त्यानंतरच मासा घरी आणावा.